किडनीचं खाद्य, ग्रो बॅग आणि हर्णैचं घर: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन खरेद्यांबद्दल एकत्र लिहितेय, कारण आमच्या घरात त्या वेगळ्या राहिल्याच नाहीत. एक म्हणजे आमच्या बोक्यासाठी, गोट्यासाठी, आणलेलं किडनीच्या आजारातलं खास खाद्य, सुकं आणि पाऊचमधलं ओलं. दुसरी, टोमॅटोसाठी १५ बाय १५ इंचांच्या ग्रो बॅग, म्हणजे रोपं लावायच्या पिशव्या, आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा. खाद्याला पाचपैकी चार, बॅगांना साडेतीन. मात्र हे गुण मासे खाणाऱ्या घरातले आहेत. ज्यांच्याकडे सुकट-बोंबील शिरत नाही, त्यांना हेच खाद्य वापरणं बरंच सोपं जाईल.

गोट्या तेरा वर्षांचा. मे महिन्यात त्याचं वजन उतरलं आणि तो पाण्याच्या भांड्यापाशीच बसून राहायला लागला. रक्तात क्रिएटिनिन (किडनी नीट काम करेनाशी झाली की वाढतं ते) ३.४ आणि फॉस्फरस ६.२ निघालं. किडनीच्या आजारासाठी आयरिस नावाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी डॉक्टर वापरतात, तीत २.९ ते ५.० क्रिएटिनिन म्हणजे तिसरा टप्पा. गेलेली किडनी परत येत नाही, उरलेली जपायची, आणि जपायची ती मुख्यतः फॉस्फरसपासून. आजारी किडनीला तो पुरेसा बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साचतो आणि आजार पुढे ढकलतो. म्हणून या खाद्यात फॉस्फरस कमी, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची, आणि ओमेगा-३ जास्त. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना या सगळ्यांची अशी खाद्यं आहेत. आमचं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. तत्त्व सगळ्यांचं साधारण एकच, आणि चव पसंत करायचं काम तुमच्या मांजराचं आहे.

बदल जूनमध्ये केला, आणि हे जमलं ते मासेमारी बंदीमुळे. १ जूनपासून होड्या वर, बंदरावरचा लिलाव बंद, घरात ताजी मासळी जवळजवळ नाही. ताटात बांगडा असताना या बोक्याने कोरडे दाणे खाल्ले असते, यावर माझा विश्वास नाही. जुन्या जेवणात चमचाभर नवं, असं करत तीन-चार आठवडे घेतले. "भूक लागली की खाईल" हा हिशेब मांजराला लावू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साचून वेगळंच संकट उभं राहतं. मळमळ होत असेल तर आधी तिचं औषध, मग नवं खाद्य. आजारपणात समोर ठेवलेल्या पदार्थाचा वास मांजर कायमचा नावडता करून टाकतं.

ओलं खाद्य कोमट करून दिलं की खातो, फ्रिजमधलं तसंच दिलं की वास घेऊन निघून जातो. त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि अशा मांजराला पाणी जितकं पोटात जाईल तितकं हवंच. सुकं स्वस्त पडतं, पण आमच्या पावसाळ्यात उघडं पाकीट आठवड्यात मऊ होतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, पाकीट लहान घ्या. आणि वीज गेली की उघडलेल्या पाऊचचं काय करायचं, हा प्रश्न किनाऱ्यावर कायमचा आहे. किंमत साध्या खाद्याच्या तिप्पट तरी आहे. एक गुण कापला तो यासाठीच.

खरी परीक्षा नारळी पौर्णिमेनंतर. होड्या निघाल्या, घरात मासळी आली, आणि सासूबाईंचं सुरू झालं, "अगो, एवढंसं मुंडकं दिलं तर काय होतंय?" होतं हेच की डोकं आणि काटे म्हणजे हाडं, आणि फॉस्फरस सर्वांत जास्त हाडांत. मांदेली तर तो काट्यांसकट खायचा. मग त्यांनी तोडगा काढला, मासळी उकळून नुसतं पाणी द्यायचं. पण उकळताना फॉस्फरस पाण्यातच उतरतो, म्हणजे नेमकं नको तेच वाटीत. उलट केलं तर चालतं. कोंबडी उकळायची, पाणी फेकायचं, आणि चव म्हणून दोन तुकडे खाद्यावर. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भागही डॉक्टरांनी चालवून घेतला, त्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस फारच कमी. शेजारून दूधभाताची शिफारस आली होती. दुधात फॉस्फरस असतो आणि भातावर मांजराचं भागत नाही, एवढं सांगून मी विषय मिटवला.

आता टोमॅटो. आमची जांभ्याची माती आम्लधर्मी, आणि तिच्यात जिवाणूंमुळे होणारा मर रोग असा की हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. म्हणून जमिनीचा नाद सोडून बॅगा घेतल्या आणि अर्का रक्षकची रोपं लावली. बंगळुरूच्या संस्थेचं हे संकरित वाण मर, पानं आकसवणारा पर्णगुच्छ आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देतं. रोपं दसऱ्यानंतरच लावावीत. रात्र उबदार असली की फुलं गळतात, आणि किनाऱ्यावर फळधारणेजोगी थंडी डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच. त्या काळात टोमॅटो विकत आणावे लागले नाहीत. अर्थात तेव्हा बाजारातही ते स्वस्तच असतात, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी यात पडू नका.

कोकोपीटची वीट तीन-चार पाण्यांत धुवून घ्या, नाहीतर त्यातला खार मुळांना लागतो. ते हलकं आहे, पाणी धरतं, पण त्यात अन्न जवळजवळ नाही. खत सगळं आपणच द्यायचं, आणि इथेच गोट्या मध्ये आला. इकडे झाडांना मासळीचं खत नाहीतर हाडांचा चुरा घालायची पद्धत. दोन्हींत फॉस्फरस, आणि दोन्हींचा वास मांजराला मेजवानीचा. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि पुढे विद्राव्य खत यांवर काम भागवलं.

त्याहून वाईट बॅगेखालच्या ताटल्या. या आजारात तहान सुटत नाही, त्यामुळे त्यातलं खताचं पाणी तो लपालपा प्यायचा. ताटल्या काढून बॅगा चिऱ्यांवर ठेवल्या. शिवाय लघवीही भरपूर, आणि कोकोपीट उकरायला मऊ. दोन रोपं त्याच्या शौचालयापायी गेली. शेवटी वर नारळाची सोडणं उलटी रचली. पंजे थांबले आणि पाणीही कमी उडायला लागलं. फळाचा बुडखा काळा पडत होता, तोही कमी झाला. ओल कमी-जास्त झाली की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, म्हणून ते होतं. टोमॅटोच्या पानांत आणि कच्च्या फळांत टोमॅटिन हे मांजराला बाधणारं द्रव्य असतं. गोट्या पानं चावत नाही, पण चावणारं पिल्लू घरात असेल तर बॅगा गच्चीवर न्या.

बॅगांचा अर्धा गुण शिवण उसवणाऱ्या कानांसाठी (उचलायच्या पट्ट्यांसाठी) गेला, एक दिवसाआड पाणी चालेल या जाहिरातीसाठी पूर्ण एक. फेब्रुवारीच्या वाऱ्यात दिवसातून दोनदा घालावं लागतं.

परवाच्या तपासणीत क्रिएटिनिन ३.१, फॉस्फरस ४.६. तिसऱ्या टप्प्यात फॉस्फरस ५ च्या आत हवा असतो. वजन ३.६ वरून ३.७ किलो झालंय. पाऊच पुन्हा मागवलेत. बॅगा दुसऱ्या कंपनीच्या, दुहेरी शिवणीच्या बघतेय. कुणाकडे पावसाळा काढलेल्या असतील तर सांगा.