घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप: फाइल हिस्टरी, वनड्राइव्ह की ‘विंडोज ७’चा जुना मार्ग?

विंडोज असलेल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅकअपचा वेगळा प्रोग्राम विकत घ्यावा की नाही, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. माझ्या मते बहुतेक घरांना त्याची गरज नसते, कारण विंडोजमध्ये आधीपासूनच तीन साधने दिलेली आहेत: कंट्रोल पॅनेलमधले ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’, त्याच कंट्रोल पॅनेलमधली ‘फाइल हिस्टरी’ आणि वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवण सेवेमार्फत होणारा फोल्डरांचा बॅकअप. अडचण साधनांच्या अभावाची नसून निवडीची आहे. ही तिन्ही साधने वेगवेगळ्या काळात आली, त्यांचे हेतू वेगळे आहेत आणि एक चालू केले म्हणजे बाकीच्यांचे कामही आपोआप होत असेल, असा समज सहज होतो. माझ्या कॉम्प्युटरवर घरातले कागदपत्र, कुटुंबाचे फोटो आणि आमच्या गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब असतात. तेवढ्यासाठी मी ही तिन्ही साधने वापरून पाहिली आहेत आणि पुढचे मत त्या अनुभवावर आधारलेले आहे. ज्यांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे त्यांचा निष्कर्ष वेगळा येऊ शकेल.

‘सिस्टीम रिस्टोअर’ या तुलनेत मी घेतलेले नाही. ते विंडोजच्या स्वतःच्या फाइली, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) आणि प्रोग्राम आधीच्या स्थितीला नेते. आपल्या कागदपत्रांना आणि फोटोंना ते हात लावत नाही. एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, बिघडला तर ते उपयोगी पडते, पण पुसली गेलेली फाइल ते परत देत नाही.

जुन्या मार्गापासून सुरुवात करतो. ‘बॅकअप अँड रिस्टोअर’चे खरे बळ त्याच्या सिस्टीम इमेजमध्ये आहे. विंडोज, बसवलेले प्रोग्राम, सेटिंग आणि फाइली या सगळ्यांसकट ते संपूर्ण ड्राइव्हची एक प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर ठेवते. मराठीत बरीच वर्षे टंकन करणाऱ्यांना याचे महत्त्व लगेच कळेल. ज्यांच्याकडे युनिकोड हे अक्षरांचे सामाईक प्रमाण येण्यापूर्वीच्या काळातल्या फॉन्टांमधले लेखन आहे, जुना कीबोर्ड आराखडा बोटांत बसलेला आहे आणि ज्या प्रोग्रामची मूळ सीडी आता सापडत नाही असा एखादा प्रोग्राम अजून चालू आहे, त्यांना नव्या हार्ड डिस्कवर सगळे जसेच्या तसे उभे करून देणारे विंडोजमधले साधन हे एकच आहे. मात्र मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच, विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, सिस्टीम इमेजचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. ती सोय आजही चालते, पण तिच्यावर पुढची अनेक वर्षे विसंबावे असे मी कोणाला सांगणार नाही. शिवाय इमेज परत बसवताना संपूर्ण ड्राइव्ह बदलला जातो आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असून चालत नाही. याच साधनाने केवळ फाइलींचा बॅकअप घेतला, तर तो झिप फाइलींच्या गठ्ठ्यांत विभागून ठेवला जातो. हवा तो कागद शोधायचा झाला तर त्याच साधनाची मदत घेणे बरे पडते.

वनड्राइव्हचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. तिथे डिस्क लागत नाही, वेळापत्रक लागत नाही आणि घरातल्या कोणालाही काही लक्षात ठेवावे लागत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर एकदा निवडले की त्यांत पडणारी प्रत्येक फाइल इंटरनेटवरच्या खात्यात जाते. २०२३ मध्ये आलेले ‘विंडोज बॅकअप’ नावाचे ॲपही फाइलींसाठी वनड्राइव्हच वापरते. त्यात सेटिंग, वायफायचे पासवर्ड आणि प्रोग्रामची यादी जपली जाते, पण संकेतस्थळावरून उतरवून बसवलेले प्रोग्राम स्वतःच पुन्हा बसवावे लागतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा तांत्रिक आधार संपला, तेव्हा सुरक्षा अद्यतने आणखी वर्षभर विनामूल्य मिळवण्याचा एक मार्ग या ॲपमधून सेटिंगचा बॅकअप चालू करण्याचा होता, त्यामुळे काहींच्या कॉम्प्युटरवर तो आधीच चालू असेल.

वनड्राइव्हचा सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रत घराबाहेर राहते, आणि तो गुण मी अजिबात कमी लेखत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरातल्या तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा वेळी कॉम्प्युटर आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असेल, तर दोन्ही एकदमच जातात. चोरी आणि आग यांनाही हेच लागू आहे. मुले परदेशात असलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: कागद शोधायला मुलगी तिथून मदत करू शकते. मर्यादा जागेची आहे. विनामूल्य खात्यात ५ जीबी मिळतात, तेवढे एका लग्नाच्या फोटोंनीही भरतात, आणि पुढे वर्गणी भरावी लागते. फोल्डरांचे मूळ ठिकाणही बदलते. डॉक्युमेंट्स हा फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डराच्या पोटात जातो, आणि पुढे बॅकअप बंद केला तरी आधी गेलेल्या फाइली तिथेच राहतात. हे माहीत असेल तर त्रास होत नाही; माहीत नसेल तर फाइली गेल्या असे वाटून माणूस घाबरतो.

माझा निर्णय मात्र जागेवरून किंवा वर्गणीवरून झालेला नाही. तो झाला एका वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ती गोष्ट केवळ वनड्राइव्हची नाही. दोन ठिकाणच्या फाइली सतत सारख्या ठेवणाऱ्या कोणत्याही सेवेत ती असतेच. अशा सेवेत एका टोकाला जे घडते तेच दुसऱ्या टोकाला घडते. मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून घरातल्या कोणी त्या खात्यातला एखादा फोल्डर पुसला, तर तो कॉम्प्युटरवरूनही जातो. पुसलेली फाइल व्यक्तिगत खात्याच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. ती मुदत पुरेशी आहे असे ऐकताना वाटते, आणि कार्यालयात ती कदाचित पुरेशी असेलही, कारण तिथे फाइल हरवल्याचे दुसऱ्या दिवशीच कळते.

घरातले कागद तसे वापरले जात नाहीत, आणि हीच गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. घरातली फाइल वर्षातून एकदाच लागते. आयकर विवरणपत्राचे कागद जुलैत उघडतात, मुलांचे दाखले जूनमध्ये, घरपट्टीची पावती पुढची पट्टी आल्यावर, सात-बाऱ्याची स्कॅन केलेली प्रत गावाकडून कोणाचा फोन आल्यावर. दिवाळीत पुसला गेलेला फोल्डर नाहीसा झाल्याचे आपल्याला पावसाळ्यात कळते. तोवर ३० दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. फाइल पुसली न जाता तिच्यावर नवा मजकूर चढला असेल, तर वनड्राइव्ह व्यक्तिगत खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या परत देते; पण रोज हात लागणाऱ्या हिशेबाच्या फाइलीत २५ आवृत्त्या आपल्याला फार मागे नेत नाहीत. म्हणून बॅकअप किती ताजा आहे यापेक्षा तो किती मागे जाऊ शकतो, हा प्रश्न घरासाठी मी आधी विचारतो.

या प्रश्नाचे चांगले उत्तर मला फाइल हिस्टरीत मिळाले. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेले हे साधन बाहेरच्या डिस्कवर बदललेल्या फाइलींच्या प्रती ठेवत जाते. एरवी दर तासाला, आणि हवे तर दर दहा मिनिटांपासून दिवसातून एकदापर्यंत. जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवायच्या याचे मूळ सेटिंग ‘कायम’ असे आहे. एका महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुदती निवडता येतात, किंवा जागा लागेल तेव्हा जुने काढावे असेही सांगता येते. मूळ फाइल पुसली गेली तरी डिस्कवरच्या तिच्या आधीच्या आवृत्त्या लगेच पुसल्या जात नाहीत.

आमच्या सोसायटीच्या देखभाल वर्गणीच्या थकबाकीचा तक्ता एकाच फाइलीत असे आणि दर महिन्याला त्याच रकान्यांत नवे आकडे भरले जात. लेखापरीक्षकांनी जूनमध्ये एका सदनिकेच्या आदल्या ऑक्टोबरमधल्या थकबाकीबद्दल विचारणा केली. पावतीपुस्तक होते, पण त्या महिन्यात तक्ता काय दाखवत होता ते कोणालाच सांगता येईना. मी तो फोल्डर उघडला, फाइल हिस्टरीच्या खिडकीत त्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या मागवल्या आणि खिडकीच्या तळाशी असलेल्या डाव्या बाणाने एकेक पाऊल मागे जात ऑक्टोबरपर्यंत पोहोचलो. तक्ता तिथेच उघडून पाहता आला, आणि मधल्या हिरव्या बटणावरून त्याची प्रत वेगळ्या ठिकाणी काढून घेता आली. आजची फाइल जशीच्या तशी राहिली. त्या दिवसापासून या विषयातले माझे मत फारसे हललेले नाही.

दुसरी सोय वरवर किरकोळ वाटते, पण कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला की तिची किंमत कळते. फाइल हिस्टरीची डिस्क दुसऱ्या कोणाच्याही कॉम्प्युटरला जोडली, तर ‘फाइलहिस्टरी’ नावाच्या फोल्डरात आपले नाव, कॉम्प्युटरचे नाव आणि पुढे ओळखीची फोल्डररचना दिसते, आणि आतल्या फाइली सरळ उघडतात. खाते लागत नाही, फोनवर येणारा कोड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. प्रत्येक फाइलीच्या नावाला शेवटी कंसात तारीख आणि वेळ जोडलेली असते. ती वेळ मात्र भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे सकाळी दहा वाजताच्या प्रतीवर साडेचार लिहिलेले दिसते. साडेपाच तास मिळवून वाचण्याची सवय लवकर होते. पहाटेची नोंद पाहून कॉम्प्युटर कोणी उघडला होता, अशी शंका घेऊ नये.

फाइल हिस्टरीत उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. ती आपोआप चालू नसते आणि विंडोज ११ मध्ये तिला सेटिंगच्या मुख्य पानांवर जागा उरलेली नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन शोधावी लागते. ती ठरावीक फोल्डरच घेते. हिशेबाचे अनेक प्रोग्राम आपला डेटा या फोल्डरांच्या बाहेर ठेवतात आणि तो वगळला जातो. विंडोज ११ मध्ये असा फोल्डर आत आणायचा असेल तर तो आधी एखाद्या लायब्ररीत (अनेक फोल्डर एकत्र दाखवणाऱ्या विंडोजच्या यादीत) समाविष्ट करावा लागतो, आणि हा मार्ग कोणी दाखवल्याशिवाय सुचत नाही. फाइलीत लहानसा बदल झाला तरी तिची संपूर्ण नवी प्रत ठेवली जाते, त्यामुळे व्हिडिओचे संपादन करणाऱ्यांची डिस्क पाहता पाहता भरेल. डिस्क जोडलेली नसेल तर तिच्यावर काहीच जात नाही. आणि सतत जोडलेली ठेवली, तर खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. मी डिस्क काम चालू असताना जोडतो आणि रात्री काढून ठेवतो. डिस्कवरच्या प्रती उघड्या असल्यामुळे आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती कोणाच्याही हाती लागू शकतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर या सोयीने डिस्कला पासवर्डचे कुलूप लावता येते. होम आवृत्तीत तशी सोय नाही, तिथे डिस्क कुलपाच्या कपाटात ठेवण्याला पर्याय नाही.

पूर किंवा चोरी यांच्यासमोर फाइल हिस्टरी एकटी पुरत नाही, हेही खरेच. म्हणून मी विनामूल्य खात्याच्या ५ जीबीत फक्त निवडक कागद ठेवले आहेत: खरेदीखत, विम्याची कागदपत्रे, दाखले, सोसायटीचे वार्षिक ताळेबंद. मात्र दोन्ही साधने एकत्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. वनड्राइव्हमधली जी फाइल केवळ इंटरनेटवर आहे आणि जिच्यापुढे ढगाची खूण दिसते, ती फाइल हिस्टरी उचलत नाही, कारण ती कॉम्प्युटरवर प्रत्यक्षात नसतेच. त्या फोल्डरावर उजवी कळ दाबून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडले की हिरवी खूण येते आणि त्यानंतरच तिची प्रत डिस्कवर जाऊ लागते.

ज्यांचा लॅपटॉप सतत प्रवासात असतो, ज्यांना डिस्क जोडण्याची आठवण राहणार नाही, किंवा ज्यांच्या घरी वर्गणी आधीपासून भरलेली आहे, त्यांनी वनड्राइव्ह घ्यावे; न घेतलेल्या बॅकअपपेक्षा ३० दिवसांची कचरापेटी केव्हाही बरी. जुने फॉन्ट आणि जुने प्रोग्राम ज्यांना सोडता येत नाहीत, त्यांनी वर्षातून एकदोनदा सिस्टीम इमेज घ्यावी, पण वेगळ्या डिस्कवर आणि फाइल हिस्टरीच्या जोडीला. बाकीच्या घरांना, आणि विशेषतः एखाद्या मंडळाचे किंवा सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्यांना, मी फाइल हिस्टरीच सुचवीन. कॉम्प्युटरवर आज जेवढा डेटा आहे त्याच्या किमान दुप्पट जागेची डिस्क घ्यावी आणि आवृत्त्यांची मुदत एका वर्षाच्या खाली आणू नये. डिस्क भरली तर जुन्या आवृत्त्या पुसण्याऐवजी नवी डिस्क जोडून तीच ड्राइव्ह म्हणून निवडावी, आणि जुन्या डिस्कवर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे दप्तर आहे ते चिठ्ठीवर लिहून ती दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवावी.