ऑप्शन ट्रेडिंग अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर: आयव्हीच्या रकान्यात वेळ कुठे आहे?

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे. ऑर्डरमागे 20 रुपये, बास्केट ऑर्डर, चार्ट हे आता सगळीकडे सारखंच मिळतं, त्यात शिरत नाही. बोलायचंय ते ऑप्शन चेनमधल्या (एका शेअरच्या सगळ्या ऑप्शन्सच्या भावांच्या तक्त्यातल्या) आयव्हीच्या रकान्याबद्दल. आयव्ही म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी: शेअर किती हलेल याचा ऑप्शनच्या भावातून निघणारा अंदाज, टक्क्यांत. त्याच्यासाठीच प्रो प्लॅनचे वर्षाला 2,400 रुपये मोजलेत.

मी बुटीबोरीला औषधांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये आहे आणि फार्मा शेअर्स व त्यांच्या ऑप्शन्सवर लिहितो. या क्षेत्रात आयव्ही नीट कळला नाही तर बाकी सगळं व्यर्थ. यूएसएफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, तपासणीची कुणकुण लागली की प्रीमियम (ऑप्शनचे भाव) फुगतात, निकाल कळला की एका सकाळीत बसतात. फॉर्म 483 ही नुसती निरीक्षणांची यादी, कंपनीनं 15 कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. वॉर्निंग लेटर ही पुढची, खरी जड पायरी. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ल्युपिनच्या गोवा आणि पिथमपूर कारखान्यांना ते आलं तेव्हा शेअर कसा आपटला, हे जुन्या लोकांना आठवत असेल. अशा वेळी पुट (ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन) महाग आहे की स्वस्त, हे आयव्हीच सांगतो.

आता हे बघा. 1500 च्या आसपासचा एक फार्मा शेअर, 1400 चा पुट, एक्स्पायरीला (मुदत संपायला) वीसेक दिवस. सकाळी शेअर पडलेला असताना 20 रुपयांना शेवटचा सौदा झाला. दुपारी शेअर सावरला, खरेदीदार 10.50 वर, विकणारा 12.50 वर. अ‍ॅप मात्र सकाळच्या 20 रुपयांना दुपारचा शेअरभाव लावून आयव्ही 41 दाखवतं. खरेदीदार-विक्रेत्यांमधला भाव, 11.50, धरून मी काढला तर 33 च्या आसपास येतो. आणि सौदा कधीचा, ते कुठेच नाही! आमच्या लॅबमध्ये वेळ न टाकलेल्या रीडिंगवर कुणी सही करत नाही. डेटा इंटिग्रिटीच्या असल्याच चुकांवर कंपन्यांना 483 मिळतात.

कस्टमर केअरला स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, "सर, कॅशे क्लिअर करून बघा." दुसऱ्यांदाही तेच. भाऊ, फोनचा काय संबंध? गणित तुमच्या सर्व्हरवर होतं.

एवढं लिहून झालं आणि अपडेट आलं. आता आकड्यावर बोट दाबून धरलं की शेवटच्या सौद्याची वेळ दिसते. म्हणजे कुणीतरी तक्रार वाचली, तेवढा राग उतरला. गणित मात्र जुनंच आहे.

एक गोष्ट मनापासून आवडली. शेअर ऑप्शन्सची 2019 च्या ऑक्टोबरपासून डिलिव्हरीनंच, म्हणजे प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन, सेटलमेंट होते, आणि खरेदी केलेला ऑप्शन इन द मनी (आत्ता वापरला तर फायद्याचा) असेल तर एक्स्पायरीआधीच्या चार दिवसांत डिलिव्हरी मार्जिन (त्यासाठी अडकवून ठेवायची रक्कम) 10, 25, 45, 70 टक्के असं चढत जातं. उद्या किती रुपये लागतील, हे अ‍ॅप आदल्या संध्याकाळी रकमेसकट कळवतं. एकदाही चुकलं नाही.

फक्त निफ्टीत काम करणाऱ्यांनी खुशाल घ्या, तिथे सौदे इतके होतात की हा दोष जाणवणार नाही. फार्माचे लांबचे स्ट्राइक (शेअरच्या भावापासून दूरचे ठरलेले भाव) बघणाऱ्यांनी प्रो प्लॅनचे पैसे वाचवावेत. माझं नूतनीकरण मे महिन्यात आहे. तोवर मधल्या भावावरून आयव्ही आला तर 2,400 भरीन, नाहीतर फुकटचा प्लॅन आणि माझी एक्सेल शीट.