फेरिअर घ्यायची तर मोनोच घ्या: काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

सीडी प्लेअरचा ट्रे बाहेर यायचा बंद झाला तेव्हा आत इंग्लिश गायिका कॅथलीन फेरिअरने गायलेल्या, बाख आणि हँडेल या संगीतकारांच्या गाण्यांची सीडी होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तपासणीचे पैसे आधी भरून घेतले, मशीन बरेच दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, "मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, नवीन घ्या." निदान आतली सीडी तरी काढून द्या म्हटलं, तर उघडायचा चार्ज वेगळा! माझी सीडी माझ्याच मशीनमधून काढायला मी पैसे मोजायचे, हे मला पटलं नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी मशीन उचलून घरी आणलं आणि जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेलं. ट्रे सरकवणारा रबरी पट्टा सैल पडला होता, बाकी काहीही झालं नव्हतं. त्यांनी नवा पट्टा घातला, लेन्स पुसली आणि घेतले ते पैसे सर्व्हिस सेंटरच्या तपासणी फीपेक्षा कमी होते.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे सीडी आत अडकलेली असताना मी हीच गाणी एलपीवर ऐकत होतो. जुन्या बाजारात मिळालेली ती एलपी स्टिरिओ आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूने वेगवेगळा आवाज येणारी, आणि सीडी मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्रच येणारी. दोन्हींवर आवाज तोच, गाणी तीच, वाद्यवृंद तोच आणि संचालकही तेच, सर एड्रियन बोल्ट. तरीही दोन्ही ध्वनिमुद्रणं एक नाहीत, आणि फेरिअरच्या तबकड्या घेणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा असं आता माझं ठाम मत झालं आहे.

ऑक्टोबर 1952मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये फेरिअरने लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर बाखची चार आणि हँडेलची चार गाणी डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी मुद्रित केली, मोनोमध्ये. कॅन्सर तेव्हा अंगात होताच. 8 ऑक्टोबर 1953ला ती गेली, अवघ्या 41व्या वर्षी. पुढे स्टिरिओ आलं आणि मोनो तबकड्या जुन्या वाटायला लागल्या. तेव्हा डेक्काने 1960मध्ये बोल्टना आणि त्याच वाद्यवृंदाला पुन्हा बोलावलं, तिचा 1952चा आवाज समोर ठेवला आणि त्याच्यावर सगळी साथ नव्याने स्टिरिओत वाजवून चढवली. जुनी साथ आवाजापासून सुटी करता येत नव्हती, त्यामुळे ती खाली तशीच राहिली आणि नवी तिच्यावर बसली.

एलपी पहिल्यांदा लावली तेव्हा मी खूश झालो होतो. व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे, मधोमध फेरिअर. मोनो सीडीवर वाद्यं दाटीवाटीने उभी असल्यासारखी वाटतात, इथे हवा खेळत होती. सीडी अडकली होती त्या काळात हीच एलपी रोज संध्याकाळी लागायची, आणि 'मोनोवर उगाच पैसे घातले' असं मी एका मित्राला बोलूनही दाखवलं होतं.

प्लेअर दुरुस्त होऊन आला, सगळ्यात आधी तीच सीडी लावली आणि मत फिरलं.

'मसाया' या हँडेलच्या मोठ्या धार्मिक गानरचनेमधलं 'ही वॉज डिस्पाइज्ड' घ्या. हँडेलने इथे गायिकेला सलग ओळ दिलेलीच नाही. दोन-तीन शब्द, मग थांबा, मग वाद्यांचा छोटा सुस्कारा, पुन्हा दोन-तीन शब्द. गाण्याचा सगळा जीव त्या देण्याघेण्यात आहे. मोनोवर फेरिअर 'रिजेक्टेड' म्हणून थांबते, तिथे वाद्यं तिचा श्वास संपायची वाट पाहतात, आणि त्यांचा सुस्कारा ऐकून ती पुढचा शब्द किंचित हलका उचलते. दोन्ही बाजू एकमेकींना ऐकताहेत. स्टिरिओवर वाद्यं तिला ऐकतात, पण ती त्यांना ऐकू शकत नाही, कारण ती आठेक वर्षांपूर्वीच गाऊन गेलेली आहे. वाजवणाऱ्यांनी कमाल सांभाळून वाजवलंय, कुठे चुकत नाहीत. पण संगत म्हणजे काय, हे ज्यांनी मैफलीत बसून ऐकलंय त्यांना फरक सांगावा लागणार नाही. हार्मोनिअमवाल्याने जागा धरली की गवई त्यावरून पुढचं काहीतरी सुचवतो. मागाहून वाजवलेल्या साथीत ही सोयच उरत नाही.

बाखच्या बी मायनर मासमधल्या (मास म्हणजे चर्चच्या प्रार्थनेची संगीतरचना) 'आन्युस देई' या गाण्यामध्ये तर हे फारच जाणवतं. सुरुवातीला व्हायोलिनची लांबलचक, वर उडी मारून खाली घसरणारी ओळ आहे आणि मग आवाज येतो. उत्तरार्धात एका ठिकाणी सगळं थांबतं. मोनोवर तिथे कोणालाच घाई नाही, पुढे कधी निघायचं हे तिथेच, त्या क्षणी ठरतंय असं वाटतं. स्टिरिओवर ती कधी निघणार हे वादकांना आधीच ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणं ऐकू येतं. शिवाय कान देऊन ऐकलं तर व्हायोलिनच्या खाली दुसरी, फिकट व्हायोलिनं लागतात. ती 1952ची. एकदा ती कानाला लागली की पुढे तेवढीच ऐकू येतात, मला तरी.

इतक्या छोट्या गोष्टीवर एवढं कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. माझ्या दृष्टीने गोष्ट छोटी नाही. स्टुडिओत या गाण्यांसाठी ती शेवटची उभी राहिली होती. त्या दिवशी हॉलमध्ये जे घडलं ते जसंच्या तसं हातात असताना त्याच्यावर दुसरं काही चढवायची गरज नव्हती. मोनोवर मध्ये मध्ये खर्जात अगदी हलकी गुरगुर आहे. किंग्जवे हॉलच्या खालून भुयारी रेल्वे जायची आणि तिथल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांत गाड्यांचा आवाज उतरलाय, हीसुद्धा तीच असावी. ती गुरगुर मला चालते.

बाकीच्या तबकड्यांबद्दल. ऑपेराच्या बाबतीत आधीच सांगतो, फार अपेक्षा ठेवू नका. रंगमंचावर तिने दोनच भूमिका केल्या. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या ऑपेरातली लुक्रेशिया, 1946 साली इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्नच्या ऑपेरा महोत्सवात, आणि ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरातला ऑर्फेओ, पुढच्याच वर्षी तिथेच. ऑर्फेओ मुळात 1762मध्ये व्हिएन्नात ग्वादान्यी या कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच खच्ची केल्यामुळे उंच आवाज टिकलेल्या, गायकासाठी लिहिलेला. तो बाईने गायचा म्हणजे फेरिअरसारखा खोल, भरदार कॉन्ट्राल्टोच (बायकांचा सगळ्यात खालचा आवाज) हवा. आपल्याकडच्या श्रोत्याला हा आवाज परका वाटायचं कारण नाही. गंगूबाई हनगल 1913च्या, फेरिअर 1912ची. ज्यांनी गंगूबाईंचा खर्ज ऐकलाय त्यांना 'बाईचा आवाज इतका खाली?' हा प्रश्न पडत नाही.

ऑर्फेओच्या माझ्याकडे दोन आवृत्त्या आहेत. 1947चा डेक्काचा संक्षिप्त ऑर्फेओ, फ्रिट्झ श्टीड्रींच्या हाताखाली, आणि 1951चा हॉलंडमधला प्रत्यक्ष प्रयोग, शार्ल ब्रुक संचालक. आवाजाचा दर्जा पाहिला तर 1947चा घ्यावा. गाणं ऐकायचं असेल तर 1951चा. चार वर्षांत तिने ती भूमिका अंगात मुरवलीय. पाताळाच्या दारातला प्रसंग दोन्हीकडे लावून पाहा. मेलेल्या बायकोला परत आणायला गेलेला ऑर्फेओ विनवतोय आणि पिशाचांचा कोरस दर वेळी एकच शब्द अंगावर टाकतो, 'नो!' 1947मध्ये ती सुंदर गाते. 1951मध्ये ती त्या 'नो'ला उत्तर देते, प्रत्येक वेळी जरा वेगळं, आणि कोरस हळूहळू मऊ पडतो तो तिच्यामुळेच पडतो हे पटतं. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, कोरस लांबून येतो, पण मी आता हाच लावतो. फेब्रुवारी 1953मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात, बार्बिरोली संचालक असताना, याच भूमिकेच्या दुसऱ्या प्रयोगात तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती आधार घेऊन उभी राहिली आणि प्रयोग पुरा केला. त्यानंतर ती रंगमंचावर आली नाही. हे माहीत असल्यावर 1951ची तबकडी साधेपणाने ऐकता येत नाही.

'व्हॉट इज लाइफ' ही याच ऑपेरातली प्रसिद्ध चीज तिने 1946मध्ये सार्जंट या संचालकाबरोबर इंग्रजीत गायली होती. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू, जेमतेम साडेचार मिनिटं. आपल्या जुन्या गवयांच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर ज्यांचे कान तयार झालेत त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. एवढ्याशा वेळात उगाच लांबवलेलं काहीच नाही.

बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (पॅशन म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची गानरचना) रेजिनाल्ड जॅक्स या संचालकाबरोबर, 1947-48. इंग्रजीत, मोठ्या बाख क्वायरबरोबर आणि पूर्ण नाही. आजच्या बारीक, चपळ बाखची सवय असेल तर कोरस जड वाटतो, मलाही वाटतो. एकसलग मी ते ऐकत नाही. तिची गाणी निवडून ऐकतो. बोल्टबरोबरच्या तबकडीत 'सेंट जॉन पॅशन'मधलं 'ऑल इज फुलफिल्ड' आहे, ते मला याहून किती तरी जवळचं वाटतं. गांबा या चेलोसारख्या जुन्या वाद्याचा एकटा, घोगरा सूर आणि त्याच्यावर फेरिअरचा आवाज, मध्ये एकदम लढाईसारखा वेगवान तुकडा आणि पुन्हा तोच संथ सूर.

1950मध्ये बाखच्या मृत्यूला 200 वर्षं झाली तेव्हा व्हिएन्नात कारायान या संचालकाबरोबर ती बी मायनर मास गायली. त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं, दर्जा बेताचा आहे. बोल्टचं असताना आधी हे घेऊ नका. संचालक ब्रुनो वॉल्टरबरोबरचं 1952चं माहलरचं 'दास लीड फॉन देअर एअर्ड' ना ऑपेरा ना चर्चसंगीत, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही. ते मात्र घ्याच.

माझी खरी तक्रार जे नाही त्याबद्दल आहे. ब्लॅकबर्नच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेली ही बाई 1943मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत 'मसाया' गायली आणि तिथून तिचं नाव झालं. त्यानंतर गावोगावच्या कोरसबरोबर तिने 'मसाया' आणि मेंडेलसोनचं तसंच 'एलायजा' किती वेळा गायलं असेल! आणि स्टुडिओत पूर्ण 'मसाया' एकदाही केलं नाही. 'एलायजा'तली सुटी गाणी आहेत, पूर्ण नाही. एल्गारचं 'ड्रीम ऑफ जेरॉन्शियस' ती बार्बिरोलींबरोबर गायची, तेही नाही. 1960मध्ये स्टिरिओची साथ चढवायला पैसे होते, आणि ती हयात असताना एक पूर्ण 'मसाया' करायला कोणालाच सुचलं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडंसं. बाख-हँडेलची तबकडी घेताना वेष्टनावर किंवा विक्रेत्याच्या पानावर 'मोनो' लिहिलंय का ते बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर आधी ऐकून पाहा. आवाज मधोमध आणि वाद्यं दोन्हीकडे पसरलेली असतील तर ती 1960ची आवृत्ती आहे. ऑनलाइन ऐकवणाऱ्यांकडे हा तपशील बहुधा नसतोच, त्यामुळे महिन्याची वर्गणी भरूनही कुठलं ऐकतोय ते कळत नाही. मी म्हणून सुटी, जुनी सीडीच घेतली. टपालखर्च धरूनही ती तिच्या तबकड्यांच्या नव्या संचापेक्षा खूप स्वस्त पडली. नवा संच घ्यायचाच असेल तर दोन-चार जणांनी मिळून घ्या आणि तबकड्या फिरवा.

पर्गोलेसी या संगीतकाराचं 'स्ताबात मातेर' हे प्रार्थनागीत अजून राहिलंय. 1946चं, तिचे गुरू रॉय हेंडरसन संचालक, नॉटिंगहॅमचा कोरस. माझ्याकडच्या सीडीवर ते इतकं धुऊन साफ केलंय की खरखरीबरोबर आवाजाची कडही गेली आहे. पुण्यात किंवा आसपास कोणाकडे त्याच्या मूळ 78च्या तबकड्या असतील तर कळवा, ऐकायला मी येईन.