निळ्या बाप्टिशियाचं बियाणं: माल चोख, सूचना अर्धवट

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये अंगण असेल तर बाप्टिशिया ऑस्ट्रालिसला, म्हणजे निळ्या फुलांच्या, शेंगा धरणाऱ्या बहुवर्षायू झाडाला, एक जागा द्यायलाच हवी. तिथल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने २०१० साली त्याला वर्षातलं बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं, ते उगाच नाही. देशी रोपांच्या एका नर्सरीचं हे पाकीट चारेक डॉलरला पडतं. आत बी आणि रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून झाडाला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंची, काळी पूड. दाणे भरलेले, पोखरलेला एखाददुसराच. रानातून जमवलेल्या शेंगांत सोंडे इतके असतात की बरेचदा आत निव्वळ भुसा निघतो, त्यामुळे ही निवड मोलाची.

पाकिटावर मात्र ‘कोमट पाण्यात भिजवा’ एवढंच छापलंय. त्याने भागत नाही, कारण बीचं टरफल पाणी आत शिरूच देत नाही. दोन सँडपेपरांमध्ये दाणे हलक्या हाताने घासा, चकाकी गेली की थांबा. मग २४ तास भिजवा. फुगले ते बाजूला काढा, कडक राहिलेले पुन्हा घासा. फुगलेलं बी ओलसर वाळूत घालून १० दिवस फ्रिजमध्ये ठेवा. वाळू मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर बी कुजणार.

पूड पेरतानाच लावायची. हरभऱ्याला गुळाच्या पाण्यात जिवाणूसंवर्धक चोळतात, अगदी तसंच. फक्त हरभऱ्यासाठीचं संवर्धक इथे चालत नाही. बी सावलीत सुकवून लगेच अर्धा सेंटिमीटर खोल, उंच कुंडीत पेरा. सोटमूळ खोल जातं, उथळ ट्रेमध्ये ते वळतं आणि रोप खुरटतं.

पहिल्या वर्षी वर वीतभर शेंडा दिसतो, सगळी वाढ खाली चाललेली असते. फुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी. एवढा धीर नसेल तर पंधरा-तीस डॉलरची, तयार रोपाची गॅलनची कुंडी घ्या. ‘ट्वायलाइट प्रेअरीब्लूज’सारखे संकर तर कुंडीतच घ्यावे लागतात, बियांतून तसेच उतरत नाहीत.

जागा एकदाच ठरवा: सहा तास ऊन, चहूबाजूंनी साडेतीन फूट. नंतर हलवलं की मूळ तुटतं. नत्रखत घालू नका, झाड लोळतं. घरात लहान मूल असेल तर काळ्या होण्याआधीच शेंगा छाटा. हिरव्या असताना त्या मटारसारख्या दिसतात आणि विषारी असतात.