माया नसलेले कुर्ते : तयार कपड्यांवर काढलेले अकरा महिने

गेल्या दिवाळीपर्यंत मी तयार कुर्ता विकत घेतल्याचं मला फारसं आठवत नाही. त्यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं, आमचे मास्टरजी होते. इंदुरात रामबागेत माझं माहेर, तिथून चालत पाच मिनिटांवर त्यांचं दुकान. कॉलेजात असल्यापासून सलवार-कुर्ते, ब्लाऊज, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या लाल वहीत माझं एक पान होतं आणि दर चार-पाच वर्षांनी त्यावरचे आकडे खोडून शेजारी नवे लिहिले जायचे. (खोडलेले आकडे मी कधी वाचले नाहीत. गरज काय?) गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दुकान बंद झालं. निरोप घ्यायला गेले तर म्हणाले, "बेटा, अब रेडीमेड ही ले लो, सब यही ले रहे हैं।"

मग ठरवलं, पुढच्या दिवाळीपर्यंत फक्त तयार कपडे घ्यायचे. मी एका शाळेत हिशेब बघते, त्यामुळे वही ठेवणं आलंच. कपडा कधी घेतला, कितीला, किती वेळा घातला, किती धुण्यांनंतर काय झालं. एकूण चौदा कपडे झाले. सगळ्यांबद्दल लिहीत नाही, काळ्या लेगिंगबद्दल कोणी काय लिहावं?

आधी दुकानांबद्दल. लहानपणी इंदुरात कपडे घ्यायचे म्हणजे राजवाड्याला जायचं. साड्या आणि लग्नाचं सीतलामाता बाजारात, थानातून (म्हणजे ताग्यातून) कापलेलं कापड एम. टी. क्लॉथ मार्केटात. एम. टी. म्हणजे महाराजा तुकोजीराव, हे माझ्या भाचीला पंचविसाव्या वर्षी कळलं. आता साखळीची दुकानं मॉलमध्ये. एम. जी. रोडवर ट्रेझर आयलंड, विजय नगरात सी-ट्वेंटीवन आणि त्याच्या शेजारी मल्हार मेगा मॉल, शिवाय बायपासवरचं फिनिक्स सिटाडेल. त्यातही गंमत अशी की वरवर वेगळ्या दिसणाऱ्या पाट्यांचं घर एकच असतं. वेस्टसाइड आणि झुडिओ ही दोन्ही टाटांच्या ट्रेंट कंपनीची. लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी विकल्यावर १९९८ मध्ये टाटांनी या धंद्यात पाऊल टाकलं. झुडिओ आलं २०१६ मध्ये, आणि ते ऑनलाइन विकतच नाही. जाऊन, रांगेत उभं राहूनच घ्यावं लागतं. माझ्यासारखीला ते बरंच आहे. कापड हाताला लागल्याशिवाय मला निर्णय होत नाही.

पहिली खरेदी भाचीबरोबर केली. ती म्हणाली, "मावशी, तुझा साईज काय?" मला सांगता येईना. छाती, कंबर, खांदा इंचांत सांगितलं तर ती हसायला लागली. त्या दिवशी तीन दुकानांत मिळून मी एम, एल आणि डबल एक्सेल ठरले, आणि त्यातले दोन साईज एकाच दुकानातल्या दोन कुर्त्यांचे होते. आपल्या देशात बायकांच्या अंगाचं एक प्रमाण मापच नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या नमुन्यावरून कापते. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने 'इंडियासाइज' नावाचा प्रकल्प घेतला, सहा शहरांत पंचवीस हजार लोकांची मापं यंत्राने घ्यायची असा. माझ्या कपाटात तरी त्याचं फळ अजून पोचलेलं नाही.

पण मापापेक्षा वेगळीच गोष्ट मला घरी आल्यावर उमगली. कुर्ता उलटा केला आणि बाजूची शिवण पाहिली. जेमतेम पाव इंच कापड, त्यावर इंटरलॉक. माया नाही! ज्यांनी कधी शिवायला टाकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. मास्टरजी दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया सोडायचे. वजन वाढलं की एक टाका उसवायचा, दुसरा मारायचा, कुर्ता पुढची तीन वर्षं चालू. पन्नाशीच्या आसपास शरीर दर सहा महिन्यांनी मत बदलतं, तेव्हा ही माया म्हणजे काय ते कळतं. तयार कपड्यात ती नसते, कारण हजारो नग कापताना इंच-इंच वाचवलेलं कापडच कंपनीचा नफा. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मग तो कपडा फक्त आजच्या माझ्यासाठी असतो.

यातून माझी सगळी खरेदीची पद्धतच उलटली. तयार कपडा सैल करता येत नाही, आवळता येतो. म्हणून मी आता सरळ एक नंबर मोठा घेते आणि तो कमी करून घेते. तेही सरसकट नाही. कंपन्या मोठा नंबर करताना छातीबरोबर खांदा, बाही, लांबी सगळंच वाढवतात. माझी छाती वाढली म्हणून काही खांदे रुंद झाले नाहीत! त्यामुळे मोठ्या नंबरात खांदा उतरतो. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो घेर) दुरुस्त करायला आल्टरेशनवाला नाराज असतो आणि दुप्पट घेतो, बाजू आवळायला आणि उंची कमी करायला तयार असतो. म्हणून ट्रायल रूममध्ये मी आता कंबर बघतच नाही. खांद्याची शिवण हाडावर बसते का, तेवढंच बघते. बाकी सगळं ऐंशी रुपयांत होतं. राजेंद्र नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई एक मशीन टाकून बसतात, त्या एका दिवसात देतात.

ट्रायल रूममध्ये मी आणखी दोन गोष्टी करते. दोन्ही हात वर करून हेल्मेट घालण्याची नक्कल करते आणि असेल त्या स्टुलावर स्कूटरवर बसल्यासारखी बसते. बाहेर भाची लाजेने मरते. पण उभं राहून आरशात सुंदर दिसणाऱ्या निम्म्या कुर्त्यांची बाही हात वर केल्यावर दंडात रुतते, आणि बसल्यावर पुढचा भाग मांडीपर्यंत चढतो. मी दिवसातला तासभर ॲक्टिव्हावर असते, आरशासमोर दहा मिनिटं.

आता कपड्यांकडे येते.

रेयॉनचे तीन कुर्ते घेतले, प्रत्येकी ५९९. रंग, पडणं, हात फिरवल्यावर लागणारा थंडावा, दुकानात यांच्यापुढे दुसरं काही टिकत नाही. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, पूर्ण कृत्रिमही नाही आणि कापूसही नाही. इथून जवळच नागद्याला ग्रासिमचा कारखाना १९५४ पासून हा धागा काढतो. ग्रासिमचं मूळ नाव ग्वाल्हेर रेयॉन, म्हणजे आपल्याच माळव्या-ग्वाल्हेरचं बाळ. तरी मी त्याच्याशी जरा उद्धटपणे वागले, बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं. हा धागा ओला झाला की पुष्कळ कमजोर होतो, तेव्हा त्याला पिळून काढणं म्हणजे आजारी माणसाला कवायत करायला लावणं. पहिला कुर्ता दोन धुण्यांत लांबीला दीड-दोन इंच आटला. उरलेले दोन हाताने धुतले, न पिळता सावलीत वाळत घातले, ते टिकले. त्यातला एक बावीस वेळा घालून झाला, मग कोपरापाशी आणि बगलेत विरला. म्हणजे एका वेळेचे साधारण सत्तावीस रुपये. वाईट नाही. फक्त कपाळावर आठ्या न आणता तो जाऊ द्यायची तयारी हवी.

सुती कुर्ता १४९९ चा, वर आवळण्याचे ऐंशी. आजवर एक्केचाळीस वेळा घातला, अडतीस रुपयांच्या आसपास पडला. वहीत बघितलं तर रेयॉनच स्वस्त! पण रेयॉन संपलंय आणि हा अजून ऑफिसला येतोय, कॉलरचा इस्त्रीचा कडकपणा तेवढा कमी झालाय. सुती कपडा घेताना मी आता पट्टी वाचते. डाव्या बाजूच्या शिवणीत आत पांढरी पट्टी असते, तीवर कापडात काय किती टक्के ते छापलेलं असतं. बाहेर टॅगवर 'कॉटन ब्लेंड' एवढंच मोठ्या अक्षरात आणि आत साठ टक्के पॉलिस्टर, हे मी स्वतः पाहिलंय. दुकानाचं नाव कशाला घ्या.

मग तो को-ऑर्ड सेट. वर-खाली एकाच कापडाचा, भाचीच्या आग्रहाखातर, १७९९. पॉलिस्टर क्रेप. फेब्रुवारीत घेतला तेव्हा मी खरोखर छान दिसत होते, शाळेत दोघींनी विचारलं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर तो अंगात घालून दुपारी स्कूटर चालवली आणि घरी आल्यावर आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) विचारलं, "पावसात भिजलीस का ग?" तीन वेळा घातला. भागाकार तुम्हीच करा. त्यातही पॅन्टला बाहेरून खिशाची शिवण आणि आत खिसा नाही. हे कोणाला सुचतं, मला त्या माणसाला भेटायचंय. खिसा नाही द्यायचा तर नका देऊ, पण त्याचं चित्र कशाला काढता?

जीन्स मात्र जिंकली. आयुष्यातली पहिली म्हटलं तरी चालेल. १२९९, आठवड्यातून दोनदा, नव्वदच्या आसपास वेळा झाली. चौदा रुपये. खिसे खरे, मोबाइल आणि किल्ली दोन्ही मावतात. गुडघ्याला थोडी सैलावली, धुतली की परत येते. यांनी पहिल्या दिवशी बघून "बरं आहे" असं म्हटलं, आमच्याकडे ही फार मोठी दाद असते.

टी-शर्टबद्दल एकच. पाचव्या धुण्यात बाजूची शिवण फिरून पोटावर आली. आधी वाटलं माझंच काही चुकतंय. तसं नाही. पातळ विणलेल्या कापडाच्या धाग्याला पीळ असतो, तो धुताना सुटायला बघतो आणि कापड तिरकं फिरतं. दुकानात टी-शर्ट घडी सोडवून समोर धरला आणि शिवण आधीच तिरकी दिसली तर ठेवून द्यावा.

सेलचा अनुभव सांगायला हवा. मोसम संपल्याचे मोठे सेल साधारण जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत लागतात. जुलैत एका साखळीच्या दुकानातून अर्ध्या किमतीत कुर्ता घेतला. तिसऱ्या दिवशी गळ्याची पट्टी उसवली. बिल घेऊन गेले तर काउंटरवरचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅम, सेल का माल एक्सचेंज नहीं होता।" मी म्हटलं, मला एक्सचेंज नको, टाका मारून द्या. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्याकडे किडनीच मागितली. एवढ्या मोठ्या दुकानात शेकड्यांनी कपडे आणि एक सुई नाही. शेवटी गल्लीतल्या बाईंनी वीस रुपयांत शिवून दिली.

राजवाड्याच्या बाजूचे कुर्ते आणि मॉलमधले कुर्ते यांत फरक किती, असं मला सारखं विचारतात. मशीनची शिलाई दोन्हीकडे तीच. मॉलमध्ये परत करायची सोय निदान काही अटींवर असते आणि कापडाची पट्टी असते. बाजारात पट्टी नाही पण भाव करता येतो, आणि दुकानदार थान उलगडून उन्हात दाखवतो. नऊशेला सांगितलेला कुर्ता मी सहाशे पन्नासला आणला आणि घरी येताना वाटलं, अजून पन्नास कमी झाले असते. हा आनंद मॉलमध्ये नाही. बाग प्रिंटच्या नावाखाली मात्र सगळीकडे स्क्रीनने छापलेलं विकतात. खरं बाग धार जिल्ह्यातलं, ठशाने छापलेलं. लाल रंग अलिझरिन आणि तुरटीचा, काळा लोखंडाच्या गंजाचा. कापड उलटून बघा. स्क्रीनचा रंग बहुतेक वरच बसलेला असतो आणि मागची बाजू फिकी असते.

एक चांगली बातमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी ५ टक्के झालाय. आधी हजारापर्यंत ५ आणि त्यावर १२ होता. (२५०० च्या वर १८, तिकडे मी तशीही फिरकत नाही.) माझ्या वहीप्रमाणे चांगला सुती कुर्ता बाराशे ते अठराशेत मिळतो, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात कर उतरला. दुकानात नवा भाव लावलाय का ते विचारून घ्या, जुने टॅग अजून लटकताना दिसतात.

परवा दिवाळीचं कपाट आवरताना मास्टरजींचा एक जुना मोरपंखी कुर्ता सापडला. बारा-तेरा वर्षांचा, उन्हाने आणि धुण्याने फिका पडलेला. गल्लीतल्या बाईंकडे नेला. त्यांनी बाजू उसवली तर आतली माया अगदी गडद मोरपंखी, घेतला त्या दिवसासारखी. त्या म्हणाल्या, "भाभीजी, पट्टी दिखेगी।" मी म्हटलं, दिसू दे. आता दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची गडद रेघ आहे. शाळेत एकीने विचारलं, ही डिझाइन कुठल्या दुकानातली?

यंदाची यादी झाली आहे. दोन सुती कुर्ते, एक नंबर मोठे. तीच जीन्स, काळी असेल तर. आणि एम. टी. क्लॉथ मार्केटातून अडीच मीटर कापड. ते शिवणार कोण, हे अजून ठरलेलं नाही. गल्लीतल्या बाई म्हणतात त्यांना फक्त आल्टरेशन येतं, पण परवा त्यांनी माझी मापं एका कागदावर लिहून घेतली.