जादा गेलेली पोटगी: वळती करून घ्यावी की दावा लावावा?

मुलाची पोटगी जादा जाण्याचे प्रकार ठरलेले. पगारातून कापली जात असताना गावी भावानेही भरली, किंवा मुलगा अठराचा झाला तरी बँकेतून दरमहा जाणारी रक्कम कुणी थांबवली नाही. (मुलीचं तसं नाही. अविवाहित मुलीचा हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचा हक्क अठरानंतरही उरू शकतो.) आता आदेश देणाऱ्या न्यायालयातच वळतीचा, म्हणजे जादा गेलेले पैसे देण्यातून वजा करून मागण्याचा, अर्ज करायचा, की करार कायद्याच्या कलम ७२ खाली, चुकून दिलेले पैसे म्हणून दिवाणी दावा?

दाव्यात सगळी रक्कम एकदम मागता येते, हे खरं. पण घोडं अडतं ते बजावणीवर. समोरच्या पक्षाचा पत्ता दापोली-गुहागरकडच्या वाडीतला, राहणं विरारला. बेलिफ जातो, दाराला कुलूप, ‘घर बंद’ असा शेरा मारून समन्स परत. शिमगा-गणपती सोडले तर ते दार उघडत नाही. मग मुंबईकडचा पत्ता शोधा, पुन्हा समन्स काढा. दारावर चिकटवायचं तर त्यालाही वेगळा अर्ज. शिवाय प्रत्येक हप्ता चुकून गेला हे सिद्ध करायचं. बिनपावतीची रोख रक्कम तर हिशेबात धरूच नये.

म्हणून मी अर्जाची वाट धरली. वसुलीचं प्रकरण चालू असेल तर समोरचे वकील तारखेला हजर असतात, प्रत तिथेच हातात देता येते. अर्जाला महिनावार तक्ता लावा: देणं किती, कुठल्या मार्गाने किती गेलं, जादा किती. सोबत बँकेचा उतारा, पगारपत्रकं, आदेशाची प्रमाणित प्रत. दोन कायद्यांखाली दोन आदेश असतील तर एका आदेशातली रक्कम दुसऱ्यात वजा धरण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) हा निकाल जोडा. वळती थकबाकीत मागा. थकबाकी नसेल तर दरमहा थोडी थोडी. मुलाचा महिन्याचा खर्चच बंद पडेल अशी मागणी सहसा टिकत नाही.

आदेशाआधी स्वतःहून कापू मात्र नका. कमी भरलेला महिना थकबाकी ठरतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वॉरंट निघून महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

मुलगा सज्ञान झाला, थकबाकीही नाही, म्हणजे वळती करायला काही उरलंच नाही, तर दाव्याला पर्याय दिसत नाही. तिथे तीन वर्षांची मुदत सांभाळा. ‘मुळात आदेशच जास्त रकमेचा होता’ म्हणून परतावा मागण्यात मात्र फारसा अर्थ नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २५(२), म्हणजे परिस्थिती बदलल्यास आदेश बदलण्याच्या तरतुदीबाबत, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तसा परतावा नाकारला आहे.