फुटबॉल क्लासचा रिव्ह्यू : सरांना पाच स्टार, ऑफिसला दोन

नाव टाकत नाहीये, आधीच सांगतो. बडोदं खूप वाढलं म्हणतात, पण अजूनही दांडिया बाजारात कोणी शिंकलं की मांजलपूरला रुमाल निघतो, आणि विषय लहान पोरांचा आहे. त्यामुळे नवीन एरियातला एक टर्फवाला फुटबॉल क्लास एवढंच समजा. जे तिथे पोरं सोडायला जातात ते ओळखतीलच.

आमचे चिरंजीव ११ वर्षांचे. २०२४ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या घातलं. फी महिना २२००, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, शनिवारी मॅच, किटचे वेगळे १४००. वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फ्री म्हणाले म्हणून भरले. ती चूक, त्यावर खाली येतो.

बाकीचं पटकन सांगून टाकतो. टर्फ चांगलं आहे, लाइटही चांगले. ते काळे रबराचे बारीक दाणे असतात ना ते सॉक्समधून घरी येतात, वॉशिंग मशीनमध्ये जातात, आमच्याकडे एकदा पोह्यात सापडला आणि मोहरी समजून मी खाल्ला. बॉल साइज चारचे आहेत म्हणजे या वयाला बरोबर, पण पोरं बावीस आणि बॉल नऊ. पाण्याचा कूलर आहे, ग्लास नाही. पार्किंगचं विचारूच नका. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा क्लास बंद होता, ते दिवस पुढे जोडून देतो म्हणाले होते, दिले नाहीत. नवरात्रीचे नऊ दिवस बंद ते मात्र चालतं, बडोद्यात त्या दिवसांत संध्याकाळी फुटबॉल ठेवला तरी येणार कोण.

आता सर. हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यासाठीच लिहितोय.

वय अठ्ठावीस-तीस, प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले, एआयएफएफचं, म्हणजे आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, डी लायसन्स आहे. पोरांशी हिंदी-गुजराती मिक्स बोलतात, माझ्याशी मराठीत बोलतात आणि मला काका म्हणतात. मी एकेचाळीसचा आहे. असो.

माझ्या डोक्यात कोच म्हणजे काय याची दोन चित्रं होती. एक आजोबांचं, ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे आणि म्हातारपणीसुद्धा वस्ताद हा शब्द आला की खुर्चीत जरा सरळ बसायचे. दुसरं चित्र फर्ग्युसनचं, मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर. मी त्याच युनायटेडवाला, म्हणजे गेली दहा-बारा वर्षं आमची काय हालत आहे ते तुम्हाला माहितीच आहे, पण फेब्रुवारी २००३ मध्ये एफए कपात आर्सेनलकडून २-० हरल्यावर फर्ग्युसनने ड्रेसिंग रूममध्ये लाथाडलेला बूट आमचाच खेळाडू बेकहॅमच्या भुवईवर लागला आणि तो पट्टी दाखवत फिरला, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि आम्हाला ते भारी वाटलं होतं. याला म्हणतात मॅनेजर, असं. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम रिअल माद्रिदला गेला. आता स्वतःचं पोरगं मैदानात असताना तीच गोष्ट आठवली की पोटात कसंतरी होतं.

तर मी तसाच कोणीतरी एक्सपेक्ट करत होतो आणि हे सर आवाजच चढवत नाहीत. पहिला आठवडा मला वाटलं पैसे बुडाले. पोरं हसतायत, सर हसतायत, कसली शिस्त आणि कसलं काय. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की साडेसहाला जो पोरगा शूजची लेस बांधत बसलेला असायचा तो आता सहाला पाच कमी असताना लाइनीत उभा असतो, आणि त्याला कोणी ओरडलेलं मी पाहिलेलं नाही. उशीर झाला तर वॉर्मअप एकट्याने करायचा, तोपर्यंत बॉल मिळत नाही, बस. बावीस पोरं बॉलला लागलेली दिसत असताना कोपऱ्यात एकट्याने उड्या मारणं किती लाजिरवाणं असतं ते अकरा वर्षांच्या पोरालाच विचारा.

पण मला सगळ्यात आवडला तो बेंचचा नियम. मॅचमध्ये सरांनी बाहेर बोलावलं की ग्राउंडवर प्रश्न नाही. का, मीच का, अजून दोन मिनिटं, काही नाही. आत जाणाऱ्याच्या हातावर टाळी द्यायची, त्याला नावाने हाक मारायची आणि बाहेर येऊन सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. ती खुर्ची त्यासाठीच रिकामी असते. मग सर खेळाकडे बघत बघत त्याला सांगतात की का काढलं, आणि आता पोराने काय वाटेल ते बोलावं. वाद घाला, चूक आहे म्हणा, रडा. मी गेटपाशी उभा राहून ऐकलंय, एक पोरगा सरांना म्हणत होता तुम्हाला ऑफसाइड दिसलाच नाही, आणि सर म्हणाले हो, तिकडे माझं लक्ष नव्हतं. बोलून झालं की विषय संपला. घरी गेल्यावर आई-बाबांनी पुन्हा उकरायचा नाही, हेही नियमातच.

गेटपाशी मी का उभा होतो तेही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी मॅच चालू होती, आमच्या चिरंजीवांसमोर गोल मोकळा आणि हा पास द्यायला बाजूला बघतोय, माझ्या तोंडून गेलं "अरे मार ना, शूट मार!" एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि मग रेफ्रीलाही दोन शब्द. सर चालत माझ्याकडे आले, खेळ थांबवला नाही, हळूच म्हणाले, "काका, पोरगा माझ्याकडे बघायच्या ऐवजी तुमच्याकडे बघतोय. दोन शनिवार तुम्ही गेटच्या बाहेर, उसाच्या रसवाल्याकडे थांबा." मला राग आला, खोटं कशाला बोलू. फी मी भरतोय आणि मलाच बाहेर. पण पोराला शिक्षा केली नाही, मला केली, हे घरी येईपर्यंत डोक्यात शिरलं. बायकोने तर सरांचा नंबरच मागितला, म्हणाली घरीसुद्धा बोलवू. इंग्लंडमध्ये तिथल्या एफएने, म्हणजे फुटबॉल संघटनेने, २००८ मध्ये रिस्पेक्ट म्हणून मोहीमच काढली होती, पालकांना दोरीच्या मागे उभं करायचं वगैरे, म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. दोन शनिवार मी सहा ग्लास रस प्यायलो.

मग पोझिशनचं झालं. पोराला फॉरवर्ड खेळायचं होतं, प्रत्येकालाच फॉरवर्ड व्हायचं असतं, आणि सरांनी त्याला लेफ्ट बॅक, म्हणजे मागे डाव्या बाजूला बचावाला, टाकला. तोंड एवढंसं. सरांनी त्याला जर्नेल सिंगची गोष्ट सांगितली. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये हा आपला सेंटर बॅक, डोकं फुटून सहा टाके पडलेले, डिफेन्समध्ये खेळणं अवघड, तर कोच रहीम साहेबांनी त्याला थेट सेंटर फॉरवर्डला उभा केला. त्याने सेमी फायनलमध्ये गोल केला, फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध पण केला, आपण २-१ जिंकलो, गोल्ड मेडल. रहीम साहेब स्वतः कॅन्सरने आजारी होते तेव्हा, पुढच्या वर्षी गेले. पोरगा घरी येऊन मला विचारतो, बाबा, जर्नेल सिंग मागून पुढे गेला, मला पुढून मागे का? बरोबर पॉइंट आहे. मी म्हटलं बेंचवर बसलास की सरांना विचार. विचारलं त्याने. सर म्हणाले तू उशिरा पळायला लागतोस पण दुसऱ्यांच्या आधी ओळखतोस बॉल कुठे पडणार, म्हणून. त्या दिवसापासून साहेब लेफ्ट बॅक आहेत आणि जेवताना ताटातल्या वाट्यांची फॉर्मेशन लावतात.

इथपर्यंत पाच स्टार. आता दुसरी बाजू.

सप्टेंबरच्या शेवटी दुसऱ्या एका क्लासबरोबर मॅच. आमच्या टीममधला सगळ्यात चांगला पोरगा, खरंच चांगला, दोन्ही पायांनी मारतो, आणि त्याच्या वडिलांनी अख्ख्या बॅचच्या जर्सी स्पॉन्सर केलेल्या. सेकंड हाफमध्ये सरांनी त्याला बाहेर बोलावलं. हा आलाच नाही. हात हलवून नाही म्हणाला, आत जाणारा बिचारा लाइनीवर शूज घासत उभा. मला तिथल्या तिथे केपा आठवला. २०१९ ची लीग कप फायनल, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर सिटी, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, चेल्सीचा मॅनेजर सारी बदली गोलकीपर पाठवतोय आणि गोलकीपर केपा मैदानातून बोट हलवून नाही म्हणतोय, सारी रागाने टनेलकडे निघाला आणि परत फिरला. पेनल्टीवर हरले. मग एक आठवड्याचा पगार दंड, पुढच्या मॅचला केपा बाहेर आणि दोघांनीही सांगितलं गैरसमज झाला. सगळ्यांना माहीत होतं काय झालं ते.

आमच्या सरांनी खेळ थांबवला नाही. त्याला खेळू दिला. मॅच संपल्यावर एवढंच सांगितलं की पुढच्या दोन मॅच तू बेंचवर, माझ्या शेजारी, आणि हे तुझ्या जागी कोणीही असता तरी हेच. पोरगा रडला, पण गुरुवारी प्रॅक्टिसला वेळेवर आला, म्हणजे त्याला कळलं होतं. वडिलांना नाही कळलं. ते ऑफिसमध्ये गेले, आणि शनिवारी ओनर स्वतः ग्राउंडवर आले, सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, छोकरो छे, रमवा दो ने." म्हणजे पोरगा आहे, खेळू द्या ना. आणि तो पोरगा पहिल्या मिनिटापासून खेळला. शेजारची खुर्ची रिकामी. दोन गोल मारले त्याने, आम्ही जिंकलो, आणि मी इतकी वर्षं मॅच बघतोय पण जिंकल्यावर एवढा गप्प बसलेला बेंच पाहिला नाही.

आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर यावरून दोन तट पडले. एकजण म्हणाले सर कडक आहेत, स्टारला वेगळं वागवावंच लागतं, फर्ग्युसनने नाही का कँटोनाला सांभाळला. हे खरं आहे. युनायटेडच्याच कँटोनाने १९९५ मध्ये प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली, आठ महिने बंदी, आणि फर्ग्युसन त्याच्या मागे उभा राहिला, दुसऱ्या कोणासाठी राहिला असता का शंकाच आहे. पण तो निर्णय फर्ग्युसनचा होता हो, स्पॉन्सरचा नव्हता! हाच तर फरक आहे. कोणाला सूट द्यायची तेही मॅनेजरने ठरवायचं. युनायटेडमधल्या रोनाल्डोचंच बघा, ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध बदली म्हणून आत जायला नाही म्हणाला आणि मॅच संपायच्या आधीच निघून गेला, तेव्हाचा मॅनेजर टेन हागने पुढच्या मॅचला घेतला नाही, मग त्या मोठ्या इंटरव्ह्यूत रोनाल्डो म्हणाला मला त्याच्याबद्दल आदर नाही, आणि नोव्हेंबरमध्ये क्लबने करार संपवला. टेन हाग काही फार मोठा मॅनेजर निघाला नाही, त्यालाही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नारळ दिला, पण त्या दिवशी वरचे लोक त्याच्या मागे उभे होते म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. आमच्या सरांच्या मागे त्या शनिवारी फक्त रसवाला होता.

पोरांना सगळं कळतं. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोघं बाहेर येताना कुरकुरले, एकाने टाळी दिली नाही. बेंचवर बोलणं चालू होतं पण सर पूर्वीसारखे बोलत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर क्लास उघडला तेव्हा सर नव्हते. ऑफिसात विचारलं तर पर्सनल रीझन. मी फोन केला तर एवढंच म्हणाले, "काका, लेफ्ट बॅकच ठेवा त्याला." ओनरबद्दल एक शब्द नाही.

मी उरलेल्या महिन्यांची फी परत मागितली. पहिल्यांदा म्हणाले सोमवारी या, सोमवारी म्हणाले अकाउंटवाला नाही, मग म्हणाले नॉन रिफंडेबल आहे पावतीच्या मागे लिहिलंय. पावतीच्या मागे खरंच लिहिलंय, इतक्या बारीक अक्षरात की चश्म्यावर चश्मा लावावा लागेल. त्याऐवजी बहिणीला, म्हणजे माझ्या मुलीला, २० टक्के डिस्काउंट देतो म्हणाले. ती सहा वर्षांची आहे आणि तिला कथक करायचंय. तर ऑफिसला दोन स्टार, तेही लाइटसाठी. भरायचेच असतील तर महिन्याचे महिन्याला भरा, आणि आधी विचारा की कोचचा निर्णय फिरवायचा हक्क कोणाला आहे. हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा, बाकी काही विचारायची गरज नाही.

नवीन कोच आलेत. आवाज खणखणीत, शिट्टी मोठी, पालकांना लाइनीपाशी उभं राहू देतात, त्यामुळे पप्पा लोक एकदम खूश. गेल्या शनिवारी मीही पुढे जाऊन उभा राहिलो. आमच्या साहेबांकडे बॉल आला, समोर दोन जण, आणि माझ्या तोंडून निघालंच, "अरे मार ना!" त्याने बॉल पास केला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि बोटाने गेट दाखवलं.

रस आता ३० रुपये ग्लास झालाय.